पाकोळी, राजपुत्र आणि मुख्याध्यापक डम्बलडोर

एखादी गोष्ट नावानिशी सांगणे जड जाते, तेव्हा आपली मराठी एक छोटासा शब्द पुढे करते: ‘तसा’. ‘तो तसा आहे म्हणे,’ एवढे म्हटले की मोठ्यांनी काय ते उमजून घ्यायचे आणि लहानांना काही कळलेच नाही असे धरून चालायचे. वाशीम जिल्ह्यात आपली कॅथलिक घरे थोडी आणि विखुरलेली. रविवारची मिस्सा आटोपली की मंडळी चर्चच्या अंगणात घटकाभर बोलत उभी राहतात. त्या बोलण्यात हा ‘तसा’ शब्द गेली काही वर्षे मी एका काल्पनिक म्हाताऱ्याविषयी ऐकत आलो आहे. हॅरी पॉटरच्या कादंबऱ्यांतील हॉगवर्ट्स नावाच्या जादूच्या शाळेचे मुख्याध्यापक अल्बस डम्बलडोर, हा तो म्हातारा. ‘फादर, ही पुस्तके मुलांच्या हाती द्यावीत का?’ हा प्रश्न पूर्वी जादूटोण्याच्या भीतीने विचारला जाई. आता तो या दुसऱ्या कारणाने विचारला जातो, आणि विचारताना आवाज आपोआप खाली येतो.

होय किंवा नाही असे एका शब्दात सांगून मोकळे होता येईल. परंतु या प्रश्नाला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे आणि त्याचा एक धागा थेट आपल्या ख्रिस्तसभेच्या दारातून जातो. तो ठाऊक असल्याशिवाय दिलेले उत्तर अपुरे राहील.

प्रथम डम्बलडोर यांची हकीकत. जे. के. रोलिंग यांच्या मालेतील पहिली कादंबरी २६ जून १९९७ रोजी लंडनच्या ब्लूम्सबरी प्रकाशनाने काढली आणि सातवी व अखेरची २१ जुलै २००७ रोजी आली. भोपाळच्या मंजुल पब्लिशिंग हाऊसने ही माला मराठीत आणली. पहिल्या भागाचे मराठी नाव ‘हॅरी पॉटर आणि परीस’. लोखंडाचे सोने करणाऱ्या त्या इंग्रजी दगडाला आपल्या संतवाङ्मयातील परीस हा शब्द किती चपखल बसला आहे! या सात भागांत डम्बलडोर हे एकटे राहिलेले, विद्वान, मिस्कील आणि प्रेमळ गुरू आहेत. त्यांना पत्नी नाही, मुले नाहीत. प्रेम हीच जगातील सर्वांत मोठी शक्ती आहे असे ते हॅरीला पुन:पुन्हा सांगतात. त्यांचे स्वत:चे प्रेम कोणावर होते, हे मात्र कोठेही लिहिलेले नाही.

सातव्या भागात त्यांच्या मृत्यूनंतर त्यांचे तारुण्य उघड होते. शाळा संपवून घरी आलेला अल्बस आईच्या अकाली मृत्यूमुळे आजारी बहीण ॲरियाना आणि धाकटा भाऊ ॲबरफोर्थ यांच्या जबाबदारीत अडकतो. त्याच उन्हाळ्यात गेलर्ट ग्रिंडेलवाल्ड नावाचा तितकाच बुद्धिमान आणि देखणा तरुण शेजारी येऊन राहतो. दोघांची मैत्री अशी जडते की दिवसभर बोलूनही रात्री पत्रे लिहिली जातात. जादू येणाऱ्यांनी जादू न येणाऱ्यांवर त्यांच्या ‘भल्यासाठी’ राज्य करावे, अशी स्वप्ने दोघे मिळून पाहतात. दोनच महिने हे चालते. मग भावाभावांत भांडण पेटते, तिघांच्या जादूच्या छड्या उगारल्या जातात आणि त्या गदारोळात ॲरियाना मरून पडते. कोणाच्या छडीने, ते कळत नाही. ग्रिंडेलवाल्ड पळून जातो आणि पुढे युरोपभर उत्पात मांडतो. त्याच्यासमोर उभे राहण्याचे डम्बलडोर कितीतरी वर्षे टाळतात आणि अखेर १९४५ मध्ये त्याचा पराभव करतात.

पुस्तकात आहे ते एवढेच. त्यानंतर १९ ऑक्टोबर २००७ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाचकांच्या भेटीत रोलिंगबाईंना विचारले गेले, प्रेमावर इतका विश्वास ठेवणारे डम्बलडोर स्वत: कधी कोणाच्या प्रेमात पडले होते का? बाईंनी उत्तर दिले की त्यांच्या मनातील डम्बलडोर पहिल्यापासून समलिंगी आहेत, त्यांचे ग्रिंडेलवाल्डवर प्रेम होते आणि त्या प्रेमाने ते आंधळे झाले. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. सहाव्या भागाच्या चित्रपटाच्या पटकथेत डम्बलडोर एका मुलीच्या आठवणीत रमतात असे एक वाक्य आले होते, तेव्हा आपण पटकथाकाराकडे चिठ्ठी सरकवून ते काढायला लावले, असेही त्यांनी सांगितले. पुढे २०१८ आणि २०२२ साली निघालेल्या ‘फॅन्टास्टिक बीस्ट्स’ मालिकेच्या चित्रपटांत ही मैत्री अधिकाधिक उघड होत गेली. २०२२ च्या चित्रपटात तर डम्बलडोर स्वत:च्या तोंडाने ते सांगतात. चीनमध्ये हा चित्रपट दाखवताना त्यातील सुमारे सहा सेकंदांचे संवाद कापण्यात आले. वडीलधाऱ्यांचे ‘तसा’ आणि चीनमधील ती सहा सेकंदांची कात्री यांत मला तरी फारसे अंतर दिसत नाही.

बाईंनी हे पुस्तकातच का लिहिले नाही, असा आक्षेप दोन्ही बाजूंनी आला. काहींना ते नंतर सांगणे म्हणजे प्रसिद्धीची क्लृप्ती वाटली, तर काहींना पुस्तकात न सांगणे हा भित्रेपणा वाटला. लेखिकेच्या मनात शिरून निवाडा देण्याचे कारण नाही. मात्र काळाची चौकट लक्षात घ्यावी. ब्रिटनमध्ये १९८८ साली स्थानिक शासनाच्या कायद्यात ‘कलम २८’ आले. शाळा आणि सार्वजनिक ग्रंथालये चालवणाऱ्या स्थानिक संस्थांनी समलैंगिकतेचा पुरस्कार करू नये, असा त्याचा आशय. या कलमामागे जो गदारोळ उठला होता त्याला एक निमित्त डॅनिश भाषेतून आलेल्या मुलांच्या एका चित्रपुस्तकाचे होते. त्यात एक लहान मुलगी आपल्या वडिलांसोबत आणि त्यांच्या जोडीदारासोबत राहते. ते कलम स्कॉटलंडमध्ये २००० साली आणि इंग्लंड-वेल्समध्ये २००३ साली रद्द झाले. म्हणजे हॅरी पॉटरचे आरंभीचे भाग लिहिले आणि वाचले जात होते तेव्हा त्या देशात मुलांच्या पुस्तकातील असा उल्लेख हा कायद्याच्या वादाचा विषय होता. अशा हवेत वाढलेल्या साहित्यात काही गोष्टी सूचित राहिल्या तर नवल नाही.

आपल्याकडे या विषयाला मराठीने हात घातला तो रंगभूमीवर; विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली आले. ते मोठ्यांचे नाटक होते. मुलांच्या हाती मात्र अशी एक गोष्ट त्याच्या कितीतरी आधीपासून होती, इंग्रजी शाळांतून ती शिकवलीही जात होती आणि तिच्याकडे कोणी बोट दाखवले नव्हते. ती ऑस्कर वाइल्डची ‘द हॅपी प्रिन्स’. एन.सी.ई.आर.टी.च्या नववीच्या ‘मोमेंट्स’ या पूरक वाचनाच्या पुस्तकात ही कथा २००६ पासून अनेक वर्षे होती, त्यामुळे आपल्यापैकी पुष्कळांच्या मुलांनी ती वाचलेली असेल.

कथा सर्वांना ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगतो. नगराच्या मधोमध उंच खांबावर सोन्याच्या पत्र्याने मढवलेला राजपुत्राचा पुतळा उभा आहे. इजिप्तला निघालेला एक पक्षी त्याच्या पायाशी रात्रीपुरता विसाव्याला थांबतो. नगराचे दु:ख पाहून पुतळा रडत असतो. त्याच्या सांगण्यावरून तो पक्षी तलवारीच्या मुठीतील माणिक एका गरीब शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घरी नेतो, मग डोळ्यांतील नीलमणी एकेक करून दोघा गरजूंना देतो, मग अंगावरचे सोने पानापानाने वाटतो. राजपुत्र आंधळा झाल्यावर पक्षी दूर देशी जाण्याचा विचार सोडून देतो. हिवाळा येतो. मरणाच्या दारी पक्षी हाताचे चुंबन घेण्याची परवानगी मागतो, तेव्हा राजपुत्र त्याला ओठांचे चुंबन घ्यायला सांगतो. पक्षी मरून पायाशी पडतो आणि त्याच क्षणी पुतळ्याचे शिशाचे काळीज दुभंगते. नगरातील सर्वांत मौल्यवान दोन वस्तू आण, असे परमेश्वर देवदूताला सांगतो, तेव्हा देवदूत ते भंगलेले काळीज आणि तो मेलेला पक्षी घेऊन जातो.

आता आपल्या भाषेची गंमत पाहा. वाइल्डच्या इंग्रजीत हा पक्षी नर आहे. राजपुत्राकडे येण्यापूर्वी तो नदीकाठच्या एका लव्हाळीच्या प्रेमात पडलेला असतो आणि तिच्यासाठी मागे रेंगाळलेला असतो. मराठीत त्या पक्ष्याला आपण पाकोळी म्हणतो किंवा भिंगरी म्हणतो. दोन्ही शब्द स्त्रीलिंगी. मराठीत गोष्ट सांगायला बसलेली आजी सहजच म्हणेल, ‘पाकोळी आली, पाकोळी म्हणाली, पाकोळीने राजपुत्राचे चुंबन घेतले’. इंग्रजीत क्रियापदावरून कर्त्याचे लिंग कळत नाही, मराठीत ते लपत नाही. आणि लपत नाही म्हणूनच येथे ते बदलून जाते. वाइल्डने जे दोन पुरुषवाचक सर्वनामांत ठेवले होते, ते आपल्या व्याकरणाने कोणाच्याही हेतूविना पुसून टाकले. मुद्दाम काहीही न गाळता एखादी छटा गळून पडते, याचे इतके बोलके उदाहरण दुसरे माझ्या पाहण्यात नाही. आणि ती गळूनही गोष्टीचे काळीज जागच्या जागी राहते, हेही सांगितले पाहिजे.

वाइल्डने ही कथा १८८८ साली प्रसिद्ध केली. त्याला सिरिल आणि व्हिव्हियन असे दोन लहान मुलगे होते. वडील आम्हांला गोष्टी सांगत, ‘स्वार्थी राक्षस’ सांगताना त्यांचे डोळे भरून येत आणि का रडता असे सिरिलने विचारल्यावर अतिशय सुंदर गोष्टींनी मला नेहमी रडू येते असे ते म्हणाले, अशी आठवण व्हिव्हियनने १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात दिली आहे. ज्यांनी ‘स्वार्थी राक्षस’ वाचली आहे त्यांना तिचा शेवट आठवेल: बागेत आलेल्या त्या चिमुरड्याच्या तळहातांवर आणि पावलांवर खिळ्यांच्या खुणा असतात. कॅथलिक घरात वाचायला याहून उचित बालकथा मला सुचवता येणार नाही.

तेव्हा कोणाला त्या कथांत काही वावगे दिसले नाही. मग १८९५ उजाडले. इंग्लंडमध्ये १८८५ साली झालेल्या कायद्यान्वये पुरुषांतील ‘गंभीर असभ्य वर्तना’बद्दल वाइल्डवर खटला चालला आणि २५ मे १८९५ रोजी त्याला दोन वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. त्याची नाटके रंगभूमीवर चालू होती. जाहिरातींवरून त्याचे नाव काढण्यात आले आणि थोड्याच काळात ती नाटकेही बंद पडली. पत्नी कॉन्स्टन्सने मुलांना घेऊन देश सोडला आणि आडनाव बदलून हॉलंड असे लावले. ज्या मुलांना मांडीवर घेऊन त्याने गोष्टी सांगितल्या, त्या मुलांना बापाने पुन्हा कधी पाहिले नाही. त्यांच्या नावामागून त्याचे नावही गेले. या दोन मुलांचा विचार माझ्या मनातून जात नाही. बापाने काय केले हे त्यांना कोणी सांगितले नाही. मोठ्यांचे अर्धवट शब्द आणि एकदम बंद होणारी संभाषणे यांतून काहीतरी भयंकर घडले आहे, एवढेच त्यांच्यापर्यंत पोहोचले.

त्यानंतर लोकांनी वाइल्डच्या कथा उलट्या दिशेने वाचायला सुरुवात केली. पाकोळीच्या चुंबनात आता त्यांना संकेत दिसू लागला. कथेतील एक अक्षरही बदलले नव्हते. वाइल्डच्या बाबतीत न्यायालय बोलले, डम्बलडोरच्या बाबतीत लेखिका बोलली, आणि दोन्ही वेळी वाचकाला आधी वाचलेले पुस्तक पुन्हा उघडावे लागले. फरक असा की एका वेळी मुलांचे आडनाव बदलले गेले आणि दुसऱ्या वेळी टाळ्या वाजल्या.

आता आपल्या दारातून जाणारा धागा. १९ मे १८९७ रोजी तुरुंगातून सुटल्याच्या सकाळीच वाइल्डने लंडनच्या जेझुइट धर्मगुरूंकडे चिठ्ठी पाठवली आणि सहा महिन्यांच्या तपसाधनेसाठी आसरा मागितला. इतक्या घाईने घेता येणार नाही, असे उत्तर आले. ते वाचून तो ढसाढसा रडला, असे त्या वेळी तेथे हजर असलेल्या त्याच्या मैत्रिणीने, एडा लेव्हरसन हिने, पुढे लिहून ठेवले. घाईच्या निर्णयाला थोपवणे हा तेव्हाचा शहाणपणाचा शिरस्ता होता. तरीही धर्मगुरू या नात्याने ती चिठ्ठी आणि ते उत्तर यांच्यामधला वेळ मला लांब वाटतो. साडेतीन वर्षांनी पॅरिसच्या एका साध्या हॉटेलात तो मरणपंथाला लागला, तेव्हा त्याचा मित्र रॉबर्ट रॉस धावत जाऊन सेंट जोसेफ चर्चमधून पॅशनिस्ट संघाचे आयरिश धर्मगुरू फादर कथबर्ट डन यांना घेऊन आला. २९ नोव्हेंबर १९०० रोजी फादरांनी त्याला सशर्त स्नानसंस्कार आणि अंत्याभ्यंग दिले. दुसऱ्या दिवशी तो वारला. ज्याला लोक वाइल्डच्या अध:पाताचा आरंभ मानत, तो हाच रॉस. आणि धर्मगुरूला आणायला धावला तोही हाच. रॉस स्वत: कॅथलिक होता. व्हिव्हियनही पुढे कॅथलिक झाला आणि जेझुइटांच्या स्टोनीहर्स्ट शाळेत शिकला.

येथे थोडे थांबून दुसऱ्या बाजूनेही बोलले पाहिजे. एकदा संकेत शोधायची सवय जडली की ते सगळीकडे दिसू लागतात. टोल्किन हे निष्ठावान कॅथलिक. त्यांच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधील फ्रोडो आणि सॅम यांच्या जिवाभावाच्या सोबतीतही काही समीक्षकांनी असाच अर्थ पाहिला आहे. मला तो पटत नाही. १९१४ च्या महायुद्धात आपण पाहिलेल्या साध्या इंग्रज शिपायांचे आणि अधिकाऱ्यांच्या सेवेतील जवानांचे प्रतिबिंब सॅममध्ये आहे, असे टोल्किन यांनीच सांगितले आहे. त्यांचे मित्र सी. एस. लुईस यांनी १९६० च्या ‘द फोर लव्ह्ज’ या पुस्तकात तक्रार केली की आधुनिक माणूस मैत्रीला स्वतंत्र प्रेम मानायलाच विसरला आहे आणि म्हणून प्रत्येक मैत्रीखाली त्याला दुसरेच काही दडलेले दिसते. पवित्र शास्त्रातील दावीद आणि योनाथान घ्या. शमुवेलच्या पहिल्या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात योनाथान आपला झगा, तलवार आणि धनुष्य काढून दावीदाला देतो, आणि दुसऱ्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात दावीद त्याच्यासाठी जो विलाप करतो त्याला जगात तोड नाही. ही कथा आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात सात-आठ वर्षांच्या मुलांना शिकवतो आणि शिकवत राहिले पाहिजे.

या संदर्भात आपल्या वाशीमचीही एक गोष्ट आहे, आणि ती इथल्या कॅथलिक मुलांना कोणी सांगत नाही याची मला खंत वाटते. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. इ.स. ९०० च्या सुमारास होऊन गेलेल्या राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात एक अद्भुतकथा रचली आहे. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष आईवर रुसून घर सोडून निघतो, तेव्हा त्याचा जिवलग मित्र कुमार, म्हणजे गौरीचा मुलगा कार्तिकेय, रडू लागतो. मुलाचे रडणे थांबवायला गौरी साहित्यविद्या नावाची वधू निर्माण करते आणि तिला त्याच्या मागे धाडते. ती त्याच्यामागून देशोदेशी जाते, त्याचा रुसवा हळूहळू ओसरतो आणि अखेर विदर्भातील वत्सगुल्म येथे दोघांचा विवाह होतो. शब्द आणि अर्थ यांचे लग्न आमच्या गावात लागले, असा हा मान! पण या सगळ्या कथेला गती मिळते ती मित्रासाठी रडणाऱ्या एका मुलामुळे. त्या अश्रूंना मैत्रीचे अश्रू म्हणावे आणि तेथेच थांबावे. कोणी म्हणेल, फादर, मग डम्बलडोरच्या बाबतीतही तेथेच थांबा. तसे करता येत नाही, कारण तेथे लेखिकेने स्वत: सांगितले आहे. जिथे लेखकाने सांगितले ते मान्य करावे, जिथे सांगितले नाही तिथे तर्काचे घोडे दामटू नयेत, एवढाच विवेक येथे पाळायचा आहे.

ख्रिस्तसभेने या पुस्तकांविषयी काय म्हटले, याबद्दलही आपल्याकडे अर्धवट माहिती फिरते. वाद झाला तो मुख्यत: जादूबद्दल. २००३ साली एका जर्मन लेखिकेला लिहिलेल्या पत्रात तेव्हाचे कार्डिनल रात्सिंगर यांनी मुलांच्या श्रद्धेवर होणाऱ्या सूक्ष्म परिणामांविषयी सावध केले होते. त्याच वर्षी व्हॅटिकनच्या एका पत्रकार परिषदेत फादर पीटर फ्लीटवुड यांनी या पुस्तकांत अडचण दिसत नसल्याचे सांगितले. जानेवारी २००८ मध्ये व्हॅटिकनच्या ‘लोसेर्व्हातोरे रोमानो’ या दैनिकाने बाजूचा आणि विरोधाचा असे दोन्ही लेख छापले. बाजूचा लेख पावलो गुलिसानो यांचा होता. याच गुलिसानो यांनी पुढे वाइल्डवर पुस्तक लिहिले आणि २००९ साली त्याच दैनिकाने त्याचे कौतुकाने परीक्षण केले. सहाव्या भागावरच्या चित्रपटाचेही २००९ साली त्याने स्वागत केले, आणि ते कार्नेगी हॉलमधील उत्तरानंतर जवळजवळ दोन वर्षांनी.

समलिंगी व्यक्तींविषयीची शिकवण १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक कॅटेकिझमच्या २३५७ ते २३५९ या परिच्छेदांत आहे. ती सौम्य करून सांगण्याचा मला अधिकार नाही. तशा कृतींना ख्रिस्तसभा मान्यता देत नाही आणि त्या व्यक्तींना शुद्धतेच्या जीवनाचे पाचारण आहे असे सांगते. पण त्याच परिच्छेदांत असेही सांगितले आहे की अशा व्यक्तींना आदराने, सहानुभूतीने आणि हळुवारपणे स्वीकारावे आणि त्यांच्याशी अन्यायाचा भेदभाव करू नये. पहिला अर्धा भाग आपल्या सगळ्यांना पाठ असतो. दुसरा सांगणारे प्रवचन मी माझ्या तरुणपणी क्वचितच ऐकले. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘कलम ३७७’ पुन्हा लागू केले, तेव्हा मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी स्पष्ट सांगितले की ख्रिस्तसभेने समलिंगी व्यक्तींना कधी गुन्हेगार मानलेले नाही. समलिंगी विवाहाला मात्र तिचा विरोध आहे. पुढे ६ सप्टेंबर २०१८ रोजी न्यायालयाने प्रौढांच्या संमतीपुरते ते कलम रद्दबातल ठरवले. त्याआधी, २८ जुलै २०१३ रोजी, दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी रिओहून परतताना विमानात वार्ताहरांना दिलेले उत्तर जगभर गाजले: मनापासून परमेश्वराला शोधणाऱ्या अशा माणसाचा न्याय करणारा मी कोण, असा त्यांचा प्रतिप्रश्न होता.

आता डम्बलडोरकडे पुन्हा एकदा आणि जरा जवळून पाहू. सातव्या भागाच्या अखेरीस हॅरी एका शुभ्र, धूसर जागी मृत डम्बलडोर यांना भेटतो. तेथे तो वृद्ध रडतो आणि त्या पोरापुढे आपले मन उघडे करतो. आपल्या परिभाषेत त्याला पापनिवेदन म्हणावे असा तो प्रसंग आहे. तो कशाबद्दल पश्चात्ताप करतो? सत्तेच्या हव्यासाबद्दल आणि बहिणीकडे केलेल्या दुर्लक्षाबद्दल. ॲरियाना आणि आई यांच्या थडग्यावर त्याने मत्तयच्या शुभवर्तमानातील ६:२१ हे वचन कोरून घेतले आहे. ते मी येथे उतरवत नाही. घरी बायबल उघडून पाहावे आणि मग त्या तरुणाने ते वचन का निवडले असेल, यावर मुलांशी बोलावे. हॅरीच्या आईवडिलांच्या थडग्यावर करिंथकरांस पहिल्या पत्रातील १५:२६ आहे. पुस्तकातील ख्रिस्ती साम्य आपल्याला नेहमीच उघड वाटत आले, असे रोलिंगबाईंनी ऑक्टोबर २००७ च्या त्याच अमेरिका दौऱ्यात सांगितले होते. त्या वाक्याला टाळ्या पडल्या नाहीत, म्हणून ते कोणाच्या लक्षात राहिले नाही.

पालकांशी बोलताना मी एक गोष्ट सांगत असतो. दहा वर्षांच्या मुलाला सातव्या भागात दोन मित्र आणि एक मेलेली बहीण दिसते. संकेत त्याला दिसत नाही, आणि दिसला तरी त्याची त्याला तमा नसते. तेराव्या-चौदाव्या वर्षी मात्र एखादा मुलगा असा असू शकतो की ज्याला आपल्या मनाचा कल इतरांहून वेगळा असल्याची पहिली जाणीव तेव्हाच होत असते. तो ते कोणालाही सांगत नाही. दिवाणखान्यात डम्बलडोरविषयी चाललेले बोलणे तो पुस्तकात डोके खुपसून ऐकत असतो. ‘तसला’ हा शब्द आणि त्यामागचे हसू यांवरून, उद्या आपण बोललो तर या घरात काय होईल, याचा अंदाज तो बांधतो. पुष्कळ वर्षे धर्मग्रामांत काढल्यावर एवढे सांगू शकतो की अशा तरुणांनी माझ्याकडे येऊन पुस्तकांतील पात्रांची तक्रार कधी केली नाही. त्यांनी सांगितले ते घरातले हसणे.

आईवडिलांना माझे सांगणे असे. मुलाने विचारले, तर रोलिंगबाईंनी काय सांगितले ते साध्या शब्दांत सांगावे, ख्रिस्तसभेची शिकवण दोन्ही भागांसह सांगावी आणि आवाज खाली आणू नये. मुलाने विचारले नाही, तर आपण होऊन तो विषय त्याच्यावर लादू नये. गोष्ट गोष्ट म्हणून वाचू द्यावी.

आमच्या धर्मग्रामाच्या कपाटात सातही भाग आहेत, वाइल्डच्या कथाही आहेत. पहिले तीन भाग नऊ-दहा वर्षांच्या मुलांना खुशाल द्यावेत. चौथ्यापासून पुढे थोडी वाट पाहावी, आणि सातवा बारा-तेरा वर्षांच्या आत देऊ नये. त्यात माणसे फार मरतात.